माळ, रूळ आणि देवरे बाई

प्राध्यापिका इंदुमती देवरे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, त्यानिमित्त निघणाऱ्या गौरव-अंकासाठी मी लिहावे असे संपादक मंडळाने सुचवले. हाच निरोप पावसाळ्याच्या तोंडी आला असता तर मी काहीतरी सबब सांगून सुटका करून घेतली असती. का, ते पुढे येईलच. आज मात्र बाई ठणठणीत आहेत. लेखाला उशीर झाला म्हणून सकाळीच फोनवर मला रागावूनही झाल्या आहेत. त्यामुळे मी अगदी निर्धास्तपणे लिहायला बसलो आहे.

बाईंची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकात, नाशिकच्या गंगापूर रोडवर एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर झाली. कॉलेजातली गणिताची नोकरी मुदतीआधी सोडून बाईंनी तिथे संगणकाचे क्लास काढले होते. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबले थरथरत, आणि दुपारपर्यंत सगळ्या कीबोर्डांवर पिठाचा पातळ थर बसलेला असे. मी मराठी घेऊन एम.ए. झालेला, दोन-चार कथा छापून आल्यामुळे स्वतःला लेखक समजणारा, पंचवटीतला बेकार तरुण. आत्याच्या आग्रहाखातर चौकशीला गेलो होतो. वर जाऊन पाहतो तर क्लास सुटलेला, आणि एका यंत्रावर चांदवडची एक विद्यार्थिनी कुठलातरी परदेशी खेळ खेळत बसलेली. तलवारी, राक्षस, मंतरलेली जंगले, आणि खेळणाऱ्याने त्यातलेच एक पात्र होऊन हिंडायचे, असा तो प्रकार होता. तिला रागवायचे सोडून बाई शेजारी खुर्ची ओढून पाहत बसल्या होत्या.

मी नाव सांगितले, शिक्षण सांगितले, कथांचे तर कोणी न विचारताच सांगितले. पडद्यावरची नजर न काढता बाईंनी विचारले, "लेखक आहात ना? मग सांगा. राजा हिला तातडीने किल्ल्यावर बोलावतोय, आणि ही मघापासून नदीकाठी हिंडतेय. का?"

"गोष्ट लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही म्हणून," मी म्हणालो.

"किंवा नदी काढणाऱ्याला नदी काढता येते म्हणून," बाई म्हणाल्या.

ती विद्यार्थिनी म्हणजे आमची रोहिणी, जी पुढे संस्थेची मुख्य प्रोग्रॅमर झाली. आणि ते भांडण म्हणजे आमच्या संस्थेचा पाया. मी आठवड्याभरात क्लास लावला, वर्षभरात तिथेच नोकरीला चिकटलो आणि ते भांडण आजवर मिटू दिलेले नाही.

ज्यांना या खेळांची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. असे खेळ दोन तऱ्हांनी रचता येतात. एका तऱ्हेत गोष्ट आधी ठरलेली असते. खेळणारा एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात जातो, मध्येच उतरता येत नाही, पण गोष्ट चांगली असेल तर त्याला उतरावेसेही वाटत नाही. दुसऱ्या तऱ्हेत खेळणाऱ्याला एक मुलूख दिला जातो आणि सांगितले जाते, जा बाबा, हवे तिकडे जा, हवे ते कर. बाईंनी पहिल्या तऱ्हेला 'रूळ' म्हणायला सुरुवात केली आणि दुसरीला 'माळ'. हे शब्द आमच्याकडे इतके रुळले की नवीन माणूस नोकरीला आला की चहाच्या वेळी त्याला विचारले जाई, तू रुळावरचा की माळावरचा? मी कट्टर रुळावरचा. रोहिणी माळावरची. बाई कुणाच्याच बाजूने बोलत नसत, त्याचा आम्हा दोघांनाही राग येई.

बाई माळाच्या बाजूच्या आहेत असा पुष्कळांचा समज होता, कारण त्यांच्या क्लासला ठरीव अभ्यासक्रम नव्हता. पण मोकळे सोडणे आणि वाऱ्यावर सोडणे यांतला फरक बाईंइतका कुणी पाळलेला मी पाहिला नाही. पेठहून आलेला एक विद्यार्थी वर्षभर या विषयातून त्या विषयात नुसता भटकत होता. बाई त्याला अडवत नसत. दर शनिवारी फक्त जवळ बोलावून विचारत, "या आठवड्यात कुठं कुठं हिंडलास?" आणि तो सांगेल ते सगळे शांतपणे ऐकून घेत. आपले हिंडणे कुणीतरी विचारणार आहे म्हटल्यावर त्याचे हिंडणे हळूहळू ठिकाणावर आले. आज तो पेठ तालुक्यातच जमिनीच्या मोजणीचे नकाशे करतो, आणि अजूनही शनिवारी बाईंना फोन करतो.

आता त्या खेळाविषयी. दोन हजार साल उलटून गेल्यानंतरची गोष्ट. क्लाससोबत संगणकी खेळांची छोटी कामेही करू लागलेल्या आमच्या संस्थेला एका परदेशी खेळ-प्रकाशकाचे मोठे काम मिळाले: अद्भुत मुलखातला एक अख्खा खेळ आम्ही रचायचा. बाईंनी क्लास कमी केले, माणसे वाढवली, सगळे यश-अपयश त्या एका कामाला बांधले. अट एकच होती. काम अर्ध्यावर आले की प्रकाशकाचा माणूस नाशिकला येणार, अनोळखी लोक खेळताना समोर बसून पाहणार आणि ते गोष्टीच्या मागे जातात की नाही यावर पसंती-नापसंती कळवणार. नापसंती आली तर संस्थेला कुलूप आणि आम्ही सगळे घरी, हे बाईंनी आम्हाला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितले होते.

गोष्ट माझी होती. डोंगरी मुलखात एक मांत्रिक येतो आणि माणसांच्या सावल्या चोरतो. सावली गेली की माणूस आपल्या माणसांना विसरतो. पायथ्याच्या गावातल्या नायकाने सात गडांवरचे सात दिवे आणून मांत्रिकाला हरवायचे. चौथ्या गडावर राणीचे मरण होते. ते लिहिताना माझेच डोळे भरून आले होते, यावरून माझी अवस्था ओळखावी. नायक साधा शेतकरी आहे हे कळावे म्हणून त्याच्या घरामागे थोडी हिरवळ दाखव, असे मी रोहिणीला सांगितले.

चांदवडच्या कांदेवाल्याच्या लेकीला असे सांगू नये. तिने हिरवळ दाखवली नाही, कांदा लावला. रोप टाकायचे, लागवड करायची, पाण्याच्या पाळ्या द्यायच्या, तण निंदायचे, काढायचे, कांदा साठवायच्या चाळीत भरायचे. पाणी चुकले तर पात पिवळी पडे. वेळेवर दिले तर दुसऱ्या दिवशी पात अशी काही तरारून येई की शहरात वाढलेला मीसुद्धा गुपचूप एक वाफा लावून पाहत असे.

पाहुणा येण्याआधी आमच्यातच एकदा चाचणी घ्यावी म्हणून बाईंनी जुन्या विद्यार्थ्यांना बोलावले. कुणी निफाडकडचे, कुणी चांदवडचे, एक मालेगावचा यंत्रमागवाला. भारनियमनाच्या वेळा सांभाळून सगळ्यांना यंत्रांसमोर बसवले. मी मागे उभा राहून पहिला गड कोण गाठतो ते पाहू लागलो. कुणीच गाठेना. मांत्रिक सावल्या नेतो आहे, दूत घोड्यावरून येऊन हाका मारतो आहे, आणि सगळी मंडळी मान खाली घालून कांद्याला पाणी भरत होती. मालेगावचा गडी तेवढा निघाला. त्याला शेतीचे काही पडलेले नव्हते. तो पहिल्याच गडावर मेला आणि चहा प्यायला खाली गेला.

चांदवडकडचा भाऊसाहेब नावाचा विद्यार्थी तिथे होता. मी त्याच्या खुर्चीमागे जाऊन, आवाज शक्य तितका गोड ठेवून विचारले, की दिव्यांचे काय झाले? तो म्हणाला, "जाऊ ना सर, लय भारी हाय तुमची गोष्ट. पण उभं पीक टाकून कोण जातं?"

त्या दिवसानंतर दोनच आठवडे हातात होते. पाहुण्याची तारीख जवळ येत होती आणि कुणीही घराच्या बाहेर पडत नव्हते. मी म्हटले, शेत काढून टाका. रोहिणी म्हणाली, गोष्ट काढून टाका, लोकांना काय आवडतेय ते दिसतेय ना. ते शक्य नव्हते, प्रकाशकाला गोष्टच हवी होती. मग मी माझ्या मते अक्कलहुशारीचा तोडगा काढला. खेळाच्या सुरुवातीलाच मांत्रिक नायकाचे उभे पीक जाळतो, म्हणजे मागे राहण्याचे कारणच उरत नाही. बाईंनी तो प्रयोग करू दिला. भाऊसाहेबाला पुन्हा बोलावले. पीक पेटले. तो उठला, चप्पल घातली आणि निघून गेला. चहा तसाच राहिला.

"ज्याचं पीक जळतं तो राज्य वाचवायला जात नाही, अविनाश," बाई म्हणाल्या. "तो घरी बसतो."

मी वाद घालणारा माणूस, पण तेव्हा तो तोडगा मी लगेच मागे घेतला. बाईंचे माहेर सटाण्याकडचे, शेतकऱ्याचे घर. त्या हे कुठून बोलत होत्या ते मला कळत होते.

त्याच रविवारी बाईंनी जीप काढली आणि मला व रोहिणीला माहेरी घेऊन गेल्या. भावाला भेटायचे आहे, एवढेच म्हणाल्या. पोहोचलो तर भाऊ घरी नव्हते. मुलीच्या सोयरिकीसाठी ते धुळ्याकडे गेले होते, आणि इकडे त्यांच्या वावरात कांद्याची लागवड जोरात चालली होती. आळीतली दहा-पंधरा माणसे ओळीने बसून रोपे लावत होती. मजुरीवर आलेले कुणी नव्हते. आज याच्या वावरात, परवा त्याच्या, अशी ती सावड होती. ज्याने माझ्याकडे हात लावला त्याच्याकडे मी हात लावायचा, एवढाच तिचा नियम. बाईंनी पदर खोचला आणि ओळीत जाऊन बसल्या. मग आम्हाला उभे राहणे बरे दिसेना. माझी ओळ इतकी वाकडी गेली की शेजारच्या आजींनी माझी रोपे हळूच उपटून पुन्हा लावली, आणि मला मात्र छान चाललेय म्हणत राहिल्या.

दुपारी भाकरी खाताना बाईंनी त्या आजींना विचारले, भाऊ लागवडीच्या ऐन दिवसांत निघालाच कसा? आजी म्हणाल्या, तो निघतच नव्हता. बसमध्ये बसेपर्यंत रोपांचेच बोलत होता. शेवटी आजींच्या मुलाने त्याला सांगितले, "तू जाय, मी शे ना." तिकडच्या अहिराणीत, म्हणजे तू जा, मी आहे ना. मग तो गेला.

परतताना चांदवडचा घाट उतरल्यावर बाई एकदम म्हणाल्या, "आपल्या खेळात हे वाक्य कुणीच म्हणत नाही."

मागच्या सीटवरून रोहिणी ताडकन पुढे वाकली. पुढच्या सगळ्या रस्त्यात आम्ही तिघे एकमेकांचे वाक्य तोडत बोलत होतो, आणि रूळ-माळ हे शब्द कुणाच्याही तोंडून निघाले नाहीत. मला वाटते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

खेळात आता नायकाला शेजारी मिळाले. त्यांच्या वावरात खपायचे की नाही हे खेळणाऱ्याच्या मर्जीवर, त्यात सक्ती नाही. पण ज्याच्याकडे तो सावड करील, तो शेजारी एक दिवस बांधावर येऊन म्हणणार, "तू जा, मी आहे." मग नायक गडावर गेला तरी मागे त्याच्या कांद्याला पाणी मिळत राहणार. आणि गोष्ट? ती मी नव्याने लिहिली. मांत्रिक आता राज्याच्या वाटेला जात नव्हता, तो एकेका शेजाऱ्याची सावली नेत होता. सावली गेलेला शेजारी नायकाला ओळखेनासा होई, बांधापलीकडून कोऱ्या नजरेने पाही. त्याला परत आणायचे तर गडावर जावेच लागे. सात दिव्यांचे तीन झाले. राणीचे मरण गेले. "चांगलं लिहिलं आहेस," बाई म्हणाल्या, "पण तिथवर कुणी येत नाही." या वाक्याने मी चार दिवस हिरमुसलेला होतो हे रोहिणी अजून सगळ्यांना सांगते.

पाहुणा आला. सभ्य, कमी बोलणारा गृहस्थ. वही-पेन घेऊन मागच्या रांगेत बसला. भाऊसाहेबाला पुन्हा बोलवायला नको, असे माझे मत होते. बाईंनी मुद्दाम त्यालाच पुढच्या यंत्रावर बसवले. त्याने नेहमीप्रमाणे रोप टाकले. शेजारच्या म्हाताऱ्याच्या वावरात जाऊन त्याची काढणी करून दिली, कुणी सांगितले नव्हते तरी. म्हाताऱ्याचा मुलगा बांधावर आला आणि त्याने ते वाक्य म्हटले. भाऊसाहेब थांबला. तेवढ्यात खेळातला दिवस मावळला, आणि सकाळी तोच म्हातारा दारात उभा, सावली नसलेला, 'तू कोण' विचारणारा. खाली गिरणी चालू होती आणि टेबल थरथरत होते.

भाऊसाहेबाने नायकाला वेशीपर्यंत नेले. तिथे वळून एकदा वावराकडे पाहिले. म्हाताऱ्याचा मुलगा पाणी भरत होता. मग तो गडाच्या वाटेला लागला. त्याच्या मागोमाग बाकीच्या यंत्रांवरही एकेक जण वेशीबाहेर पडू लागला.

मी बाईंकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला आणि जवळच्या खुर्चीत बसल्या. त्या दोन आठवड्यांत संस्थेत त्यांना बसलेले कुणी पाहिले नव्हते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. पाहुण्याने तिथेच पसंती सांगितली. आम्ही टाळ्या वगैरे काही वाजवल्या नाहीत. मानेवरचे ओझे उतरल्यावर माणूस आधी मान चोळतो, तसे सगळे नुसते एकमेकांकडे बघून हसत राहिलो. बाई म्हणाल्या, भाऊसाहेबाला आधी जेवायला घाला.

पुढे तो खेळ बऱ्यापैकी चालला, फार नाही. पण परदेशातून पत्रे येत राहिली. प्रकाशकाने 'सावड' हा शब्द तसाच ठेवला होता, त्याचा उच्चार विचारणारे पुष्कळ निघाले. एकाने लिहिले होते, की मी शेवटचा गड अजून घेतलेला नाही, कारण शेजाऱ्याची काढणी राहिली आहे. ते पत्र रोहिणीने माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवले आहे.

बाईंच्या मायेविषयी लिहायचे तर मला एकच प्रसंग पुरेसा आहे. खेळ पुरा करण्याच्या धामधुमीत माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मी रुग्णालयातून फोन केला आणि गावकऱ्यांचे संवाद लिहायचे राहिलेत असे काहीतरी बरळू लागलो. बाईंनी मध्येच तोडले. म्हणाल्या, "तू जाय तुझ्या वडिलांपाशी. मी शे ना." मी महिनाभर संस्थेत गेलो नाही. वडील हळूहळू उठून बसू लागले, तसा परतलो. बाईंनी माझ्या खुर्चीत बसून एका अख्ख्या गावाचे संवाद लिहून ठेवले होते. त्या गावातला पाटील म्हणतो, "समजा, तू उत्तरेला गेलास." कुंभार म्हणतो, "म्हणून हे शक्य नाही." पाणवठ्यावरच्या बायका एकमेकींना उदाहरणे घालतात. गणिताच्या प्राध्यापिकेने वसवलेले असे गाव जगातल्या कुठल्याही खेळात नसेल. सुधारून घे, असे बाईंनी मला दहादा सांगितले. मी त्यातली एक ओळही बदललेली नाही.

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. यंदा उन्हाळ्यात बाईंच्या हृदयाची झडप बदलावी लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, आणि लवकर, असेही सांगितले. बाई ऐकेनात. नवी तुकडी सुरू झालीय, नवा खेळ निम्म्यावर आहे, इन्व्हर्टरवाला यायचाय. दर आठवड्याला नवे कारण. रोहिणीने समजावले, त्यांच्या भावाने येऊन समजावले. आम्ही सगळे धास्तावून गेलो होतो. बाईंना त्यापुढे जाऊन ठणकावायची कुणाची छाती नव्हती, माझी तर नव्हतीच.

शेवटी आम्ही आपसात कामे वाटून घेतली. तुकडी रोहिणीकडे, खेळ माझ्याकडे, पेठचा तो नकाशेवाला आठवड्यातून दोन दिवस येऊन शिकवणार, आणि इन्व्हर्टरवाल्याच्या मागे भाऊसाहेब लागणार. मग मी बाईंच्या घरी गेलो. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "तू पण तेच सांगायला आलास ना? अरे, उभं काम टाकून कोण जातं?"

बाराएक वर्षे लेखक म्हणून पगार घेतलेल्या मला त्या वेळी स्वतःचा एकही शब्द सुचला नाही. मी म्हणालो, "बाई, तुम्ही जा. मी शे ना."

बाई ओट्यावरून उठल्या. मग म्हणाल्या, "तुझी अहिराणी अजून नापास आहे." आणि आत जाऊन त्यांनी पिशवी भरायला घेतली.

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टर बाहेर येऊन बोलले तेव्हा आम्ही सगळे जिन्यावर बसलो होतो, आणि मी मोठी माणसे रडतात तसा, म्हणजे नाक शिंकरण्याचे सोंग करत रडलो. महिन्याभराने बाई संस्थेत आल्या, सगळीकडे फिरल्या, तुकडीची परीक्षा घेतली, खेळ उघडून पाहिला. काहीही सुकलेले नव्हते. त्यांनी तसे म्हटले नाही, फक्त चहा मागवला.

साठीचा आशीर्वाद धाकट्यांनी द्यायचा नसतो, मागायचा असतो, हे मला ठाऊक आहे. तरीही बाई, एक हिशेब तुमच्या गणिती डोक्यासमोर ठेवतो. सावडीचा नियम तुम्हीच आम्हाला त्या वावरात शिकवलात. तुम्ही आम्हा प्रत्येकाच्या बांधावर किती वेळा येऊन उभ्या राहिलात त्याची गणती नाही, आणि आम्हाला मात्र आजवर तुमच्याकडे एकदाच हात लावायला मिळाला. बाकीची फेड व्हायची आहे, आणि ती व्हायची तर तुम्हाला खूप वर्षे, निरोगी, आणि अधूनमधून कामावरून उठून कुठेतरी हिंडायला जात जगावे लागेल. त्याला इलाज नाही. तेव्हा जा, बाई, हवे तिकडे जा. आम्ही आहोत.